सितारा हे नक्षीचं नाव नाही

मी एक जुनी रकाबी आहे, मित्रांनो, आणि माझ्यात आजवर कुणी एक घाससुद्धा जेवलेलं नाही. रकाबी म्हणजे बशीपेक्षा मोठी आणि ताटापेक्षा लहान. पण मला घडवलं ते भिंतीवर टांगण्यासाठी. माझ्या पाठीच्या कड्याला दोन भोकं आहेत. त्यांतून सुतळी ओवायची आणि खिळ्याला अडकवायचं, एवढाच माझा उपयोग. सध्या मी अमरावतीतल्या एका लहानशा संग्रहालयात काचेच्या कपाटात उभी असते. माझ्या कडेनं हिरवी पानं आहेत आणि मधोमध पाच पाकळ्यांचं मोठं पिवळं फूल.

तुम्ही शाळेच्या सहलीला येता तेव्हा मी तुम्हाला बघत असते. तुम्ही काचेला नाक लावता, काचेवर वाफ धरते, मग मागून सर ओरडतात. एकदा एका मुलीनं मैत्रिणीला विचारलं, "हिच्यात पाणीपुऱ्या किती मावतीन वं?" मैत्रीण म्हणाली, "तुह्यासाठी तं पुरायच्याच नाई." त्या दिवशी मला फार बरं वाटलं. एरवी लोक येतात, माझ्यासमोरचं कार्ड वाचतात आणि पुढच्या कपाटाकडे जातात.

परवापरवापर्यंत त्या कार्डावर असं लिहिलेलं होतं: 'शोभेची रकाबी. झिलईची पांढरी माती. सितारा नक्षी. अकोला. कारागीर अज्ञात.'

मित्रांनो, सितारा ही नक्षी नाही. सितारा ही बाई होती. मला तिनं रंगवलं. तिची मुलगी नगमा तीन महिने या संग्रहालयात खेटे घालत होती, ते एवढ्यासाठीच, की आईचं नाव आईच्या जागी लिहिलं जावं, आणि आई कशानं गेली तेही त्याखाली लिहिलं जावं. तिला त्यातलं काय मिळालं आणि काय नाही, ते मी सांगणार आहे. गोष्ट आनंदाची नाही. मुलांना असलं सांगू नये, असं म्हणणारं माणूसही या गोष्टीत येईल. पण तुम्ही ऐकून घ्याल असं मला वाटतं.

माझा जन्म अकोल्याचा. आपल्याकडची काळी माती कापसाला सोन्यासारखी, पण तिची रकाबी होत नाही. वाळताना ती भेगाळते, भट्टीत तडकते. म्हणून माझी पांढरी माती चांद्याकडून ट्रकमध्ये बसून आली. गावाबाहेर भगवंतरावांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे टिनाची एक लांब शेड, तिच्या टोकाला भट्टी, आणि शेडमध्ये पोत्यांवर मांडी घालून बसलेल्या अकरा बाया. आसपासचे लोक त्याला बशाफ्याक्टरी म्हणत.

मला साच्यात दाबलं, सावलीत वाळवलं आणि पहिल्यांदा भट्टीत घातलं. पहिल्या भाजणीतून निघालेल्या भांड्यांना कारखान्यात 'बिस्कूट' म्हणत. तेव्हा आम्ही पांढरट, कोरडी आणि खरखरीत असतो. अंगावर पाण्याचा थेंब पडला तर क्षणात पिऊन टाकतो. बिस्कुटावर रंगकाम होतं, मग झिलई चढते आणि दुसरी भाजणी होते. पण माझ्या बाबतीत एक घोटाळा झाला. भट्टीतून निघताना माझ्या काठाला बारीकसा बाक आला. भगवंतरावांनी मला डोळ्यांपुढे आडवं धरलं आणि म्हणाले, "हे वाकडं हाय. वरच्या फळीवर टाका."

त्या फळीवर मी तीन वर्षं पडून राहिले. माझ्यावर धूळ बसली. पण शेडमध्ये जे जे घडलं, ते मला तिथून सगळं दिसलं.

आमच्या झिलईत एक लाल भुकटी पडायची. तिची पोती कोपऱ्यात रचलेली असत. सगळे तिला शेंदूर म्हणत, कारण ती शेंदूरच होती. शेंदूर घातला की झिलई कमी आचेवर वितळते, काचेसारखी पसरते, रंगाला पाणी येतं. भट्टीत गेल्यावर त्याचा लाल रंग उडून जातो. म्हणून आज माझ्या अंगावर तुम्हाला कुठंही लाल दिसणार नाही. पण तो माझ्यात आहे.

शेंदूर घोटायचं काम गोदाबाईचं. गोदाबाई म्हणजे उंच, हाडकुळी, तोंडात कायम सुपारी असलेली बाई. खलात भुकटी टाकून ती तासन् तास घोटत बसायची. तिच्या पापण्यासुद्धा लाल दिसायच्या. दर शनिवारी भगवंतराव त्याच पोत्यातला चिमूटभर शेंदूर घ्यायचे, तेलात कालवायचे आणि फाटकापाशी असलेल्या मारुतीला लावायचे. बाया कामावर येताना त्याच मारुतीला हात जोडून आत यायच्या.

सितारा कामाला आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिचा नवरा गयासुद्दीन शिवणकाम करायचा. त्याच्या हाताखाली सितारानं काज, बटण, तुरपाई असं सगळं केलेलं. घरी दीड वर्षाची नगमा होती, तिला शेजारी ठेवून यायची. पहिल्याच दिवशी भगवंतरावांनी तिच्या हातात कुंचला दिला. तो पाण्यात बुडवून तिनं एका फुटक्या बिस्कुटावर वेल काढला. त्यांनी तो वेल बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "बाई, तू इथंच बस. उजेडात."

तिची रेघ केसासारखी बारीक यायची. इतर बायांना ते जमेना. एक दिवस गोदाबाईनं त्याचं कारण पाहिलं.

"काय वं सितारा, तो कुंचला तोंडात काऊन घालून राह्यली?"

"टोक येते ना बाई त्याच्यानं. सुईत दोरा ओवतानी आपण ओठानं ओला करत नाई का? तसंच."

"अन् चव कशी लागते?"

"तोंड कळकल्यावानी होते. बिनकल्हईच्या भांड्यातलं वरण खाल्ल्यावानी."

रंगात शेंदूर मिसळलेला असे. म्हणजे दर दोन-तीन रेघांमागे थोडा शेंदूर सिताराच्या ओठांवर जायचा. आठवड्याभरात बाकीच्या रंगकाम करणाऱ्या बायाही कुंचला ओठात धरायला लागल्या. त्यांना वाटलं, बारीक कामाची हीच रीत असावी. एकदा कुणीतरी शंका काढलीही, की ही भुकटी पोटात गेली तर? तेव्हा गोदाबाई खलातून मान वर न काढता म्हणाली, "देवाच्या अंगावर बारा महिने राह्यते तो शेंदूर. त्याले काई झालं नाई, आपल्याले काय होते?"

सगळ्यांना ते पटलं. सितारा मात्र नंतर एकदा गोदाबाईला हळूच म्हणाली होती, "मलेबी जरा कसंच वाटे बाई. पण तुमच्या देवाची वस्तू हाय ते. मी कायले नाव ठेवू?"

पोत्यांवर इंग्रजीत काहीतरी छापलेलं होतं. त्या अकरा जणींपैकी कुणालाच इंग्रजी येत नव्हतं. भगवंतरावांना येत होतं. त्यांनी ते वाचलं होतं की नाही, ते मला माहीत नाही. मी फळीवरून पोती बघू शकत होते, माणसाच्या मनातलं नाही.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. सितारा फुलं काढायची ती पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची. पाच पाकळ्यांची, पिवळी, मधे जरा गडद. दुपारी भाकर खाताना कुणीतरी विचारलं, "गुलाब काढ ना वं, कमळ काढ, हे काय वावरातलं!" ती म्हणाली, "गुलाब मी कॅलेंडरवर पाह्यला. हे रोज पाह्यतो." बाया हसल्या. तिच्या रकाब्या नागपूरच्या प्रदर्शनात गेल्या. तिथून शाबासकीचा कागद आला. तो भगवंतरावांनी चौकटीत घालून आपल्या खुर्चीमागे लावला. त्यावर कारखान्याचं नाव होतं.

मग तिचं पोट दुखू लागलं. आधी अधूनमधून, मग रोज. ती काम करता करता गुडघे पोटाशी घेऊन बसायची. चेहरा बिस्कुटासारखा पांढरट पडला. हसली की हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ दिसायची. गोदाबाई म्हणे, "मिसरी लावतं काय वं?" ती मिसरी लावत नव्हती.

दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. पाचव्या महिन्यात सगळं संपलं. तिसऱ्या वर्षी पुन्हा दिवस राहिले. या वेळी महिने भरले, पण बाळ जन्मलं ते रडलंच नाही.

मित्रांनो, हे सांगावं की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पण ते मी पाहिलं आहे. बाळ गेल्यावर दहाव्या दिवशी सितारा कामावर आली. बसली, कुंचला घेतला. थोड्या वेळानं तिच्या झंपराला समोर दोन ओले डाग दिसायला लागले. बाळ नव्हतं, पण दूध आलं होतं. दुधाला कुठं कळतं? तिनं ओढणी पुढं ओढून घेतली आणि पाकळी पूर्ण केली. गोदाबाईनं खल बाजूला सारला, तिच्याजवळ गेली आणि आपल्या लुगड्याचा एक जुना तुकडा घडी करून तिच्या हातात दिला.

पुढे गयासुद्दीननं तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली ती हसतच.

"डागदर मले म्हणे, 'तुम्ही शिशाचं काम करता का?' मी म्हटलं, नाई साहेब. मंग म्हणे, 'घरी शिसं हाय का?'"

"शिसं?" गोदाबाई म्हणाली. "ते पेनशिलीतलं?"

"हो ना! मी म्हटलं, साहेब, मी तं शाळेची पायरी नाई चढली, माह्या घरी पेनशिल कुठून येईन?"

"अवं, चोरून सातवीची परीक्षा देऊन राह्यली असशीन," गोदाबाई म्हणाली. "डागदरले वास लागला!"

अकराच्या अकरा बाया हसल्या. सितारा इतकी हसली की तिला पोट धरावं लागलं. मीही फळीवर होते आणि त्या हसत होत्या याचा मला आनंदच झाला. तेव्हा मला तरी काय ठाऊक होतं?

मित्रांनो, पेन्सिलीत शिसं नसतंच. शिसपेन्सिल हे नुसतं नाव उरलं आहे. आणि शेंदूर शिशापासून होतो. जिथं शिसं नव्हतं तिथं त्याचं नाव होतं, आणि जिथं होतं तिथं त्याला देवाचं नाव होतं. डॉक्टरांनी फक्त एवढं विचारायला हवं होतं, की बाई, तुम्ही शेंदूर हाताळता का? ती म्हणाली असती, हो, रोज. पण ते शिसं म्हणाले, आणि ती पेन्सिल समजली. डॉक्टरांनी कागदावर 'शिसे' असं लिहिलं, त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि रक्त तपासून आणायला सांगितलं. तपासणी नागपूरला व्हायची. ती राहून गेली.

त्यानंतर तिचा हात पडायला लागला. हात पुढं केला की पंजा मनगटापासून खाली लोंबायचा. कुंचला बोटांत धरता यायचा, पण उचलता यायचा नाही. रेघ जाड व्हायला लागली. भगवंतराव दोन दिवस बघत राहिले, मग म्हणाले, "हिले आता चांगले नग देऊ नका. वरच्या फळीवरचे द्या, वाकडे."

असं मी तीन वर्षांनी खाली उतरले.

तिनं माझ्यावरची धूळ ओढणीनं पुसली. मला फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "ये वो वाकडीबाई. आपण दोघी सारख्याच." उजवा हात मांडीवर टेकवला, डाव्या हातानं त्याचं मनगट खालून उचलून धरलं, आणि तशी ती मला रंगवू लागली. एका पाकळीला एक दिवस लागला. पाच पाकळ्यांना पाच दिवस. पानांना आणखी चार. रेघ जाड होती, थरथरती होती. म्हणूनच माझं फूल इतरांसारखं छापल्यासारखं दिसत नाही, वाऱ्यात असल्यासारखं दिसतं. इथं येणारे जाणकार त्याचं फार कौतुक करतात. 'काय मोकळा हात आहे,' असं म्हणतात.

कारखान्यात भांड्यांवर नाव लिहायची कुणाला परवानगी नव्हती. फक्त कारखान्याचा शिक्का. पण मी वाकडी होते, मला शिक्का मिळणार नव्हता. दहाव्या दिवशी माझ्यावर झिलई चढली आणि तिनं मला पालथं केलं. एक खिळा घेतला आणि पाठीवरच्या ओल्या झिलईत उर्दूत आपलं नाव कोरलं. लहानपणी मदरशात अलिफ बे शिकली होती, तेवढंच तिचं लिहिणं. शेवटच्या अक्षराला मनगट सुटलं आणि खिळा घसरला. गोदाबाई शेजारी होती. "काय लिवलं वं?" "माहं नाव." "अन् मालकानं पाह्यलं तं?" "पाहू दे. कामावरून काढतीन. मी आता कितीक दिवस करणार हाय?"

मी भट्टीत गेले. बाहेर आले तेव्हा सितारा शेडमध्ये नव्हती. तिला झटके येत होते, दवाखान्यात ठेवलं होतं. चौथ्या दिवशी गोदाबाई उशिरा आली, खलापाशी बसली, पण खल तिनं हातात घेतला नाही. बाया तिच्याकडे बघत राहिल्या. ती म्हणाली, "माती झाली." एवढंच. सितारा सत्तावीस वर्षांची होती. नगमा पाच वर्षांची पण झाली नव्हती.

भगवंतरावांना मी आवडले. भट्टीत माझा बाकही थोडा बसला होता. त्यांनी मला घरी नेलं आणि बैठकीत टांगलं. पाहुणे विचारायचे, ते म्हणायचे, "आपल्याच फ्याक्टरीचा नग." त्या घरात माझी खूप स्तुती झाली. तेव्हा मला ती गोड वाटली, हे कबूल करते. काही वर्षांनी बाजारात हलक्या, न फुटणाऱ्या ताटल्या आल्या आणि कारखाना बंद पडला. बाया पांगल्या. भगवंतराव गेले. त्यांच्या मुलानं मला आणि माझ्या तीस बहिणींना गोणपाटात गुंडाळून सरकीच्या गोदामात ठेवलं. तिथं उंदरांनी माझ्याजवळ पिल्लं घातली. एकदा पोतं आपटलं आणि माझ्या काठाचा टवका उडाला. त्या अंधारात मी किती वर्षं होते, ते मोजलं नाही. मग एक दिवस ट्रक आला आणि आम्ही सगळ्या अमरावतीच्या संग्रहालयात देणगी म्हणून पोचलो.

इथं माझी काळजी दामिनीताई घेतात. आम्हाला उचलायचं, पुसायचं, कार्ड लिहायचं, सगळं त्या एकट्या बघतात. त्यांनी मला पहिल्यांदा पालथं केलं तेव्हा पाठीवरचं लिखाण पाहिलं. ते उर्दू जाणणाऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, 'सितारा' लिहिलंय. संस्थेचे अध्यक्ष केशवराव तिथं उभे होते. वयस्क, धोतर नेसणारे, खूप वाचलेले गृहस्थ. त्यांनी मला सरळ केलं, पाच पाकळ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "सितारा म्हणजे तारा. हे बघा, पाच टोकं. नक्षीचं नाव आहे." जन्मभर कापसाच्या मुलखात राहिलेला माणूस, पण पऱ्हाटीचं फूल त्यांना ओळखू आलं नाही. झालं. माझ्यासकट सगळ्या एकतीस जणींच्या कार्डांवर 'सितारा नक्षी' असं छापलं गेलं.

आणि मग नगमा आली.

नगमा आता बत्तीस वर्षांची आहे. अमरावतीतच एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासणीला घेते. वडील गेल्यावर त्यांची पेटी आवरताना तिला रेशनकार्डाच्या पिशवीत आईचा जुना दवाखान्याचा कागद मिळाला. त्यावरचा 'शिसे' हा शब्द तिला समजला, कारण तिचं कामच ते. ती गोदाबाईला शोधत हिवरखेडला गेली. गोदाबाई तिथं मुलाकडे असते, ऐकायला कमी येतं, हात कापतात. तिनं नगमाला सगळं सांगितलं. शेंदूर, कुंचला, फूल, आणि पाठीवरचं नाव. कारखान्याच्या रकाब्या अमरावतीला गेल्याचं भगवंतरावांच्या मुलाकडून कळलं.

नगमा माझ्या कपाटासमोर उभी राहिली आणि कार्ड वाचलं. दोनदा वाचलं. मग दामिनीताईंना म्हणाली, "मॅडम, हे नक्षी नाई. हे माही माय हाय."

दामिनीताई गोंधळल्या. "तुमची आई?"

"सितारा. पाठीवर लिवलं असीन. भोकाच्या खाली. अन् शेवटचं अक्षर घसरलेलं. पाहा."

दामिनीताईंनी हातमोजे घातले, कपाट उघडलं, मला पालथं केलं. त्यांनी घसरलेलं शेवटचं अक्षर पाहिलं. मग म्हणाल्या, "बसा ताई. पाणी घ्या."

त्यानंतर नगमा तीन महिने येत राहिली. दर वेळी अर्ज, दर वेळी 'बैठकीत ठेवतो'. शेवटी केशवराव तिला भेटले, इथंच, माझ्यासमोर.

"नाव लिहू," ते म्हणाले. "आमची चूक झाली, मी मान्य करतो. फुलाचं नावही दुरुस्त करू. पण ती कशानं वारली ते कार्डावर कसं लिहायचं, बाई? हे म्युझियम आहे, दवाखाना नाही."

"झिलई शिशाची आहे, सर," दामिनीताई म्हणाल्या. "आपण तपासून घेतलं होतं."

"झिलई शिशाची आहे. पण ती बाई त्यानंच गेली याचा पुरावा? कागदावर 'शिसे' पुढे प्रश्नचिन्ह आहे. डॉक्टरला नक्की नव्हतं, आपण कोण?"

नगमा म्हणाली, "डागदरनं प्रश्न इचारला व्हता, काका. माह्या मायले तो समजला नाई. आता तुमाले समजला ना? मंग उत्तर लिवा."

केशवरावांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट नाहीत, मित्रांनो. त्यांचा आवाज खाली आला. "इथं शाळेची लेकरं येतात, पोरी. त्यांनी चित्रं पाहावी, खूश होऊन घरी जावं. मेलेली बाळं, शिसं... लेकरं झोपेत दचकतील."

"मी पाच वर्षांचीबी नव्हती," नगमा म्हणाली. "मले कोणी इचारलं नाई, दचकशीन काय म्हणून."

पण ठरलं ते केशवरावांचंच. बैठकीत सगळ्यांनी मान हलवली. परवा नवीन कार्ड छापून आलं. नगमाला बोलावणं गेलं. ती दुपारी लॅबमधून सुटून तशीच आली.

मी वाट पाहत होते. खोटं कशाला बोलू? मला वाटत होतं, आता ती मला हातात घेईल. तिच्या आईची नऊ दिवसांची मेहनत माझ्या अंगावर आहे, आईच्या हाताची अक्षरं माझ्या पाठीवर आहेत. ती मला छातीशी धरेल, असं मी मनात ठरवूनच बसले होते. दामिनीताईंनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी कपाट उघडलं, मला अलगद बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "नियमात बसत नाही, पण घ्या. एकदा हातात घ्या."

नगमा एक पाऊल मागं सरली.

"नको मॅडम," ती म्हणाली. "मले ते हाती नको. हिच्यापायीच तं गेली ना ते. मी हिले पाहाले येत नव्हती. मायचं नाव पाहाले येत होती."

दामिनीताईंनी मला जागेवर ठेवलं. इतकी वर्षं सगळ्यांनी मला जपलं, टांगलं, पुसलं. ज्या एका माणसानं मला जवळ घ्यावं असं मला वाटलं, त्याला माझी किळस आली, आणि त्याचं खरं होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आमची काळजी घ्या. मी नाही सांगणार. माझी काळजी घ्यायला कुलूप आहे, काच आहे, हातमोजे आहेत. तुम्ही काही विचारा. तुमच्या घरची भिंत कुणी रंगवली, तुमच्या दिवाळीचे फटाके कुणी भरले, ताईच्या बांगड्यांवर सोनेरी काम कुणी केलं, ते विचारा. त्या माणसाचं पोट दुखतं का, तेही विचारा. आणि ज्या शब्दात तुम्ही विचाराल तो शब्द त्याला कळतो का, एवढं बघा. कार्डावर ते लिहायची परवानगी मिळाली नाही, म्हणून मी हे सगळं बोलले.

नवीन कार्ड असं आहे: 'शोभेची रकाबी. पऱ्हाटीचं फूल. कारागीर: सितारा गयासुद्दीन, अकोला.'

नगमानं ते मोठ्यानं वाचलं. मग मोबाईल काढला, काचेजवळ वाकली आणि फोटो घेतला. कार्डाचा. मी त्या फोटोत येऊ नये म्हणून तिनं मोबाईल जरा खाली धरला होता. मग ओढणी सारखी करून ती निघून गेली.

तुम्ही सहलीला याल, तेव्हा आधी ते कार्ड वाचा. मग वेळ उरला तर माझ्याकडे बघा.